रस्ता झाला, पूल राहिला. शाळा उघडायच्या आत काय करता येईल?

बाभूळबन · २७ मे, रात्री ९.४०

रामराम मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितोय.

आमचं गाव केज तालुक्यात. गावापासून मोठ्या रस्त्यापर्यंत साडेचार किलोमीटर. हा तुकडा या उन्हाळ्यात झाला. झाला म्हणजे कागदावर नाही, खरंच झाला. गावाजवळ सिमेंट, पुढं डांबर. गेल्या वर्षीपर्यंत आजारी माणूस जीपमध्ये घातला की दवाखान्यात पोचेपर्यंत सोबत बसलेल्यांची हाडं खिळखिळी व्हायची. त्यामुळं ज्यानं कुणी केला त्याचं भलं होवो, आधी हे लिहून ठेवतो. नाहीतर म्हणाल, याला नुसत्या तक्रारीच येतात.

आता तक्रार. मधल्या ओढ्यावर जुना नळकांडी पूल आहे. चार नळे, त्यातले दोन गाळानं आणि बेशरमाच्या मुळ्यांनी बुजलेले. कठडे कधीच नव्हते. त्याला कुणी हात लावला नाही. उलट दोन्ही बाजूंनी भराव टाकून रस्ता उचलला, त्यामुळं पूल आता बशीच्या तळासारखा खाली राहिला. पूर्वी खड्ड्यांमुळं माणूस पुलाजवळ आपोआप हळू यायचा. आता पोरं साठच्या स्पीडनं उतारावरून येतात आणि पाणी दिसतं ते पुढचं चाक त्यात गेल्यावर.

आमच्याकडं शाळा पाचवीपर्यंत. पुढची चाळीसेक लेकरं रोज ओढा ओलांडून जातात. १५-१६ जूनला शाळा उघडतील. पूल काही पंधरा दिवसांत होत नाही, एवढं कळतं मला. पण पंधरा दिवसांत काय होऊ शकतं? ज्यांच्या गावात असं काही केलंय त्यांनी सांगा.

---

लातूरचा_मामा · २७ मे, रात्री १०.०५

अभिनंदन! रस्ता तरी झाला. आमच्याकडं सहा वर्षं झाली, नुसतं मोजूलालेत. टेप धरून येतात, चहा पितात, जातात. आता आमचं कुत्रं पण त्यांना भुंकत नाही, घरचेच झालेत.

---

गिट्टी_डांबर · २७ मे, रात्री ११.२०

मी तीस वर्षं याच कामात होतो, आता घरी आहे. तुमचा पूल का राहिला असेल ते सांगतो, म्हणजे भांडायचं कुणाशी ते कळेल.

आमच्या भाषेत सहा मीटरपर्यंत लांबी असली तर मोरी, त्यापुढं साठ मीटरपर्यंत लहान पूल. रस्त्याच्या दर्जोन्नतीच्या अंदाजपत्रकात मोऱ्या सहज बसतात. पूल म्हटला की ओढ्याचं पाणलोट क्षेत्र, पुराची पातळी, पायाची तपासणी हे सगळं आलं, आणि बहुतेक वेळा मंजुरीही वेगळी. मग रस्त्याचं काम पुढं निघून जातं आणि पूल 'प्रस्तावित' होऊन बसतो. यात दरवेळी कुणी पैसे खाल्लेले असतात असं नाही. पण परिणाम तुम्ही लिहिलाय तोच.

पहिलं काम म्हणजे रस्ता कुणाचा ते बघा. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडं असतात, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग साधारणपणे जिल्हा परिषदेकडं. अर्धी गावं चुकीच्या दारात अर्ज देतात आणि वर्षभर 'आमच्याकडं येत नाही' एवढंच उत्तर घेऊन येतात. कामाच्या सुरुवातीला फलक लावलेला असतो, त्यावर योजनेचं नाव, किंमत, गुत्तेदार, सगळं असतं. त्याचा फोटो काढून ठेवा. पंतप्रधान ग्रामसडकचा रस्ता असेल तर पाच वर्षं देखभाल गुत्तेदाराकडं असते.

दुसरं, नळे मोकळे करा. जेसीबीचं अर्ध्या दिवसाचं काम. चारातले दोन नळे बुजलेत म्हणजे तुमचा पूल निम्माच चालू आहे. तेच पाणी डोक्यावरून जातं.

---

माहेर_हिंगोली · २८ मे, सकाळी ७.१५

फलक? आमच्या रस्त्याचा फलक एका गोठ्याच्या दाराला लावलाय. भारी मजबूत पत्रा आहे, म्हैस धडक मारती तरी हलत नाही. रस्त्यापेक्षा टिकाऊ.

---

दोन_लेकरांची_आई · २८ मे, दुपारी १.३०

दादा, तुमचं वाचून काल झोप लागली नाही. म्हणून लिहितेय.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी थोरली तेव्हा तिसरीत, व्हॅननं शाळेला जायची. शाळेचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. सप्टेंबर होता. दुपारी आमच्याकडं थेंब नव्हता, कपडे वाळत घातले होते मी. वरच्या अंगाला पाऊस झाला असणार. व्हॅनवाल्या भाऊंना वाटलं, एवढंसं तर पाणी आहे, रोजचा पूल आहे. मध्यावर गाडी बंद पडली. सात लेकरं आत.

शेजारच्या रानात सोयाबीनला फवारणी चालली होती. त्या माणसांनी पंप टाकले, ट्रॅक्टर आणला, मागं नाडा बांधला आणि गाडी उलटी ओढून काढली. मी पोचले तोवर सगळं झालं होतं. लेकरं बांधावर एका ओळीत बसली होती आणि एका आजीनं त्यांच्या हातात गुळाचा खडा दिला होता. माझी मला म्हणाली, "आई, माझं दप्तर पोहलं." पाणी सीटपर्यंत आलं होतं हे मला त्या एका वाक्यात कळलं. पुस्तकं चुलीशेजारी मांडून वाळवली. परिसर अभ्यासाचं पुस्तक अजून घरात आहे, पुरीसारखं फुगलेलं.

त्या भाऊंना मी काही बोलले नाही. रडत होता तो माणूस. पण त्या दिवसापासून आम्ही आयांनी ठरवलं, पुलावर पाणी असेल तर लेकरं अलीकडं थांबतील, नाहीतर पलीकडं थांबतील. घरीच आलं पाहिजे असं काही नाही. पलीकडच्या वस्तीवर दोन घरं ठरवून ठेवली. एक माझ्या नणंदेचं. शाळेच्या ग्रुपवर एवढंच टाकायचं, 'लेकरं नणंदेकडं'. आता हे वाक्य गावात पाऊस मोजायला वापरतात. "आज किती पाऊस?" "नणंदेएवढा."

---

बाभूळबन · २८ मे, दुपारी २.१०

ताई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी नुसता पुलाचा विचार करत होतो. पलीकडच्या तांड्याजवळ माझ्या मावसबहिणीचं घर आहे. आज संध्याकाळीच जाऊन येतो.

---

बिनातिकीट · २८ मे, रात्री ८.५०

एसटीत वाहक म्हणून जन्म गेला. आम्हाला शिकवण साधी होती. पुलावरून पाणी वाहतंय, गाडी घालायची नाही. पण गाडीत पन्नास माणसं आणि पन्नास जणांना घाई. "काय मास्तर, एवढ्याला भिता?" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. एकानं तर सांगितलं, माझी म्हैस रोज जाते यातून. मी म्हटलं, मग उतरा आणि म्हशीवर जा.

गोम अशी आहे की वाहतं पाणी डोळ्याला फसवतं. गढूळ पाण्याखाली पूल आहे की वाहून गेलाय ते वरून दिसत नाही. आम्ही एका संध्याकाळी तासभर थांबलो. पाणी उतरल्यावर बघतो तर मधला भराव गायब, नुसता डांबराचा पापुद्रा लटकत होता, पोळीसारखा. गाडी घातली असती तर आज हे लिहायला मी नसतो.

---

मोसंबी_जालना · २८ मे, रात्री ९.२५

आमच्याकडून समृद्धी गेला. ७०१ किलोमीटर, ५ जून २०२५ ला पूर्ण उघडला. त्यावरून माझा मेहुणा नागपूरला जाऊन सासुरवाडीचं जेवण जेवून परत येतो, तोवर इकडं गावचा ओढा उतरलेला नसतो. महामार्गापासून माझं घर आठ किलोमीटर आहे हो. शेवटचं आठ किलोमीटर हाच खरा प्रवास.

---

काळ्या_मातीचा · २८ मे, रात्री १०.४०

@गिट्टी_डांबर काका, एक विचारतो. आमच्या रस्त्याला दुसऱ्याच उन्हाळ्यात मधोमध उभी भेग पडली, मनगट जाईल एवढी. गुत्तेदार म्हणतो तुमची मातीच तशी. खरं का?

---

गिट्टी_डांबर · २९ मे, सकाळी ६.३०

अर्धं खरं. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आटली की आकसते. रानात भेगा पडतात, त्यात बैलाचा पाय अडकतो, ते बघितलंयच की. रस्त्याखालीही तीच माती आहे. कडेची माती लवकर सुकते, मधली ओली राहते, दोन्हींच्या ओढाताणीत वरचा थर उभा फाटतो.

पण हे काही आज कळलेलं नाही. म्हणूनच खाली जाड मुरूम द्यायचा, गरज असेल तिथं मातीत चुना मिसळायचा, साइडपट्टी पक्की करायची, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्ही बाजूंनी चर काढून पाणी लांब न्यायचं. डांबराचा खरा वैरी ट्रक नाही, साचलेलं पाणी. ते खडीवरचं डांबर सोडवतं, मग खडी सुटते, मग तुमचा खड्डा. ज्या रस्त्याला चर नाही तो रस्ता पहिल्या पावसात अर्धा गेला म्हणून समजा. आणि हेही लिहितो, राग येऊ देऊ नका. चर बुजवतो कोण? आपणच. रानात जायला वाट पाहिजे म्हणून माती ढकलतो, नळा टाकत नाही.

सिमेंटच्या रस्त्याला किमान १४ दिवस पाणी मारलं पाहिजे. वाफे करून पाणी साठवतात, नाहीतर ओली गोणपाटं टाकतात. मे महिन्यात टँकर दोन दिवस आला आणि बंद झाला, असं दिसलं तर तेव्हाच बोंब मारा. नंतर काही उपयोग नाही.

---

लातूरचा_मामा · २९ मे, सकाळी ८.००

काका, आमच्याकडं २०१६ ला प्यायचं पाणी रेल्वेनं आलं मिरजेहून. तेव्हा रस्त्याला पाणी मारा म्हटलं असतं तर लोकांनी आम्हालाच मारलं असतं.

---

सरळसोट · २९ मे, सकाळी ११.१०

हे नणंद, गोणपाट सगळं ठीक आहे. पण तुम्ही लोक सवय करून घेताय. पूल मागा! तालुक्याच्या चौकात बसा, रास्ता रोको करा, दोन तासांत अधिकारी येतो. आमच्या इथं आलता. जोवर तुम्ही 'लेकरं नणंदेकडं' म्हणून भागवताय तोवर कोण कशाला पूल बांधील?

---

दोन_लेकरांची_आई · २९ मे, दुपारी १२.४५

सरळसोट भाऊ, पूल मागितलाय. तीन अर्ज, दोन ग्रामसभेचे ठराव. फायलीचा नंबर पाठ आहे मला. आणि तुमच्या रास्ता रोकोत आमच्या गावातली एक बाळंतीण दीड तास अडकली होती, तेही सांगते. पूल येईल तेव्हा येईल. लेकराला संध्याकाळी कुठंतरी थांबावं लागतं.

---

सरळसोट · २९ मे, दुपारी १.००

बाळंतिणीचं माहीत नव्हतं. शब्द मागं घेतो. पण अर्ध्याच गोष्टीचा, मागणीचा नाही.

---

वकिलीचा_अभ्यास · २९ मे, दुपारी ३.२०

मागणीवरून आठवलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळं होणाऱ्या अपघातांबद्दल आदेश दिला. मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमींना इजेप्रमाणे ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई.

आणि माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि दोष दायित्व कालावधी (काम खराब निघालं तर गुत्तेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायची मुदत) किती आहे, हे मागता येतं. मुदत ३० दिवस. 'रस्ता खराब का झाला' असं विचारू नका, कारणं देत बसत नाहीत. कागद मागा.

---

मोसंबी_जालना · २९ मे, दुपारी ३.४०

खड्ड्याला भरपाई आहे हे बरं. पण आमच्याकडं खड्ड्यात रस्ता आहे, त्याचं कलम कोणतं?

---

मुखेडकडचा · २९ मे, रात्री ९.१५

थट्टा चालू द्या, पण एक सांगतो. ऑगस्ट २०२५ ला आमच्या तालुक्यात लेंडी नदीच्या काठच्या गावांत रात्रीतून पाणी शिरलं. माणसं गेली, जनावरं गेली. मी स्वतः त्या गावांतला नाही, पण पाहुणे तिथं आहेत. लोक झोपेत होते. रात्रीच्या पाण्याला पूल, कठडे, रंग काही उपयोगाचं नाही, कारण बघायला कुणी जागं नसतं.

म्हणून आम्ही आता वरच्या अंगाच्या दोन गावांतल्या माणसांचे नंबर घेऊन ठेवलेत. पाझर तलावाच्या सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की त्यांनी फोन करायचा. नुसता मेसेज नाही, फोन. मेसेज सकाळी वाचला जातो. तिथून आमच्यापर्यंत पाणी यायला पाऊण तास लागतो, हे आम्ही गेल्या पावसाळ्यात दोनदा घड्याळ लावून बघितलं. पाऊण तासात म्हातारी माणसं आणि लेकरं शाळेच्या स्लॅबवर नेता येतात. दावणीची जनावरं सोडायची. बांधलेलं जनावर मरतं, सुटलेलं बहुतेक वेळा वाट काढतं. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि ११२ हे नंबर देवळाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेत.

---

बाभूळबन · २९ मे, रात्री ९.५०

वाचून गप्प झालो. आमच्याही ओढ्याच्या वर एक पाझर तलाव आहे. सांडव्यापासून पुलापर्यंत किती वेळ लागतो, हे गावात कुणालाच माहीत नाही. आजवर कुणी मोजलंच नाही.

---

मेंढरामागं · ३० मे, सकाळी ६.५०

पाण्याचं झालं, विजेचं बोला. आमच्या भागात मृगाच्या आधीच्या वादळी पावसात वीज जास्त घात करते. माणसं पेरणीपूर्व कामाला रानात असतात, पाऊस आला की झाडाखाली पळतात. लिंबाखाली, आंब्याखाली. तिथंच पडते. दामिनी ॲप आहे, पुण्याच्या हवामान संस्थेनं केलेलं. आसपास वीज पडायची शक्यता असली की सांगतं. माझ्या पोरानं मोबाइलमध्ये घालून दिलंय. मला वाचता येत नाही पण रंग कळतो.

गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते, एवढं ध्यानात ठेवा. आखाड्यावर, म्हणजे रानातल्या वस्तीवर, पत्र्याचं शेड असलं तर भिंतीला, खांबाला टेकू नका. मोकळ्यावर सापडलात तर पाय जोडून उकिडवं बसा, आडवं पडू नका. मेंढरं दाटीनं उभी राहतात म्हणून एका विजेत दहा-वीस जातात. माणसानं तसं करू नये.

---

नव्या_गाडीचा · ३० मे, सकाळी ९.३०

प्रश्न भाबडा वाटेल. माझी चारचाकी उंच आहे. अशा पुलावरून किती पाण्यात घालावी?

---

बिनातिकीट · ३० मे, सकाळी ९.३५

घालूच नये.

---

गिट्टी_डांबर · ३० मे, सकाळी १०.१५

मास्तरांचं उत्तर पूर्ण आहे, तरी आकडे देतो. १५ सेंटिमीटर वाहतं पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं. ३० सेंटिमीटरमध्ये लहान गाडी वाहू शकते, ६० मध्ये बहुतेक गाड्या. गाडी जड असली तरी आत हवा असते, पाणी तिला वर उचलतं, मग टायरची पकड जाते. उंच गाडीवाले जास्त अडकतात, कारण त्यांना धीर जास्त असतो.

---

पोळा_पाटोदा · ३० मे, दुपारी २.००

विषयाला थोडी बगल देतो. नवीन रस्त्यावर सोयाबीन वाळत घालणाऱ्यांचं काय करायचं? ऑक्टोबरात अर्धा रस्ता पिकानं व्यापतात, कडेनं धोंडे मांडतात, पीक उचलतात आणि धोंडे तिथंच. गेल्या साली माझा चुलतभाऊ अंधारात त्या धोंड्यावर गेला, कॉलरबोन मोडलं.

---

काळ्या_मातीचा · ३० मे, दुपारी २.४०

चुलतभावाचं वाईट वाटलं. पण शेतकऱ्यानं वाळवायचं कुठं? काढणीला पाऊस लागतो, खळं उरलं नाही, बाजारात ओलावा बघून भाव पाडतात. मीही घालतो. खोटं कशाला बोलू. पण धोंडे मी उचलतो. आणि संध्याकाळी पाचनंतर रस्ता मोकळा, हा नियम आमच्या गावानं केलाय. मोडला की चहाचा खर्च त्याच्याकडं. दोनदा मीच पाजलाय.

---

कोयता_घरचा · ३० मे, रात्री ८.२०

पावसाळ्याचं बोलताय, पण रस्त्यावर आमची माणसं जातात ती दिवाळीनंतर. मी ऊसतोड कामगाराचा पोरगा, आता शिकवतो. गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर ऊस एवढा की मागचा दिवा दिसत नाही. रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला. टायर फुटला की ट्रॉली रस्त्यातच उभी, मागं दोन दगड आणि एक उसाची मोळी, एवढाच इशारा. मोटारसायकलवाला समोरच्या गाडीच्या प्रकाशात आंधळा होतो आणि सरळ तिच्यात घुसतो. बैलगाडीला तर दिवाच नाही.

कारखान्यांकडून लाल कापड, रिफ्लेक्टर वाटले जातात, पण ते पुसायचं कुणी? आम्ही शाळेत पोरांना एक काम दिलं. घरच्या गाडीचा, शेजारच्या ट्रॉलीचा रिफ्लेक्टर रोज संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसायचा. पोरं भारी कडक असतात, बापाला जेवू देत नाहीत पुसल्याशिवाय.

---

दोन_लेकरांची_आई · ३० मे, रात्री ९.००

गुरुजी, हे फार आवडलं. आणखी एक विचारते. दुचाकीवर लहान लेकरांना पट्टा आणि हेल्मेटचा नियम आहे ना? आमच्याकडं कुणालाच माहीत नाही.

---

वकिलीचा_अभ्यास · ३० मे, रात्री ९.३०

आहे. फेब्रुवारी २०२२ ची केंद्राची अधिसूचना, वर्षभरानं लागू झाली. नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकराला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि मापाचं हेल्मेट, वेग ताशी ४० च्या आत. चार वर्षांपुढं तर हेल्मेट सगळ्यांनाच.

---

माहेर_हिंगोली · ३० मे, रात्री ९.४५

आमच्या हितं एका फटफटीवर नवरा, बायको, तीन लेकरं, एक पिशवी आणि कोंबडी. पट्टा कुणाकुणाला बांधायचा? कोंबडीला मात्र बांधलेलं असतं, पायाला.

---

कन्नडवाला · ३१ मे, सकाळी ७.४०

घाटातल्या लोकांचंही ऐका. ३१ ऑगस्ट २०२१ ला आमच्या कन्नड घाटात दरडी कोसळल्या, गाड्या रात्रभर अडकल्या. तेव्हापासून पावसात घाटातून जायचं असेल तर आम्ही गाडीत पाणी, बिस्किटं, लेकराचं स्वेटर आणि एक बॅटरी ठेवतो. धारूर घाटवाल्यांनो, तुमचा अनुभव काय?

---

पोळा_पाटोदा · ३१ मे, सकाळी ८.१०

धारूर घाटात दोन ट्रक समोरासमोर आले की एकानं मागं जायचं असतं. दोघांपैकी कुणीच जात नाही. स्वेटर काय, विणायला लोकर ठेवा.

---

बाभूळबन · १४ जून, रात्री १०.००

झालेलं सांगतो.

फलक सापडला, बाभळीमागं होता. रस्ता जिल्हा परिषदेकडचा. ग्रामसभेत पुलाचा ठराव घेतला, फोटोसकट दिला, पोच घेतली. माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय.

नळे मोकळे झाले. जेसीबी लोकवर्गणीतून, डिझेल सरपंचांनी दिलं. तिसऱ्या नळ्यातून एक अख्खी खाट निघाली. गावात अजून कुणी कबूल केलेलं नाही की कुणाची.

पुलाच्या दोन्ही कडेला लाकडी खुंट रोवले, पाच-पाच फुटांवर. खालून चार बोटं पांढरा, त्यावर लाल. पाणी लालला टेकलं की पायी कुणी जायचं नाही. आणि गाडी? पांढरा भिजला तरी थांबायचं, मास्तरांच्या हिशेबानं. उतारावर दोन्हीकडं 'पुढं ओढा' असं पिंपावर लिहून ठेवलं. काल कुणीतरी त्याखाली 'मागं गाव' लिहिलं.

मावसबहीण तयार आहे. म्हणाली, पीठ तुम्ही आणून ठेवा.

---

सरळसोट · १४ जून, रात्री १०.२०

पुलाच्या अर्जाची पोच जपून ठेव. दोन महिन्यांनी मी येतो सोबत. रस्ता न अडवता.

---

बाभूळबन · २१ जुलै, दुपारी ४.५०

काल आलं पाणी. आमच्याकडं ऊन होतं, वरच्या गावाचा फोन दोन वाजून दहाला आला. मी घड्याळ घेऊन पुलावर. दोन पन्नासला पांढरा भिजला, तीनला लालला टेकलं, सव्वातीनला खुंटांची टोकं तेवढी वर. म्हणजे आमची वेळ चाळीस मिनिटं.

मानव विकासची निळी बस साडेचारला पलीकडं येऊन थांबली. ड्रायव्हरनं खुंट बघितले आणि इंजिनच बंद केलं. अलीकडून सगळे गावकरी ओरडत होते, पलीकडून पोरी ओरडत होत्या, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. मग अकरा पोरी मावसबहिणीकडं गेल्या. पिठलं-भाकरी झाली. रात्री साडेआठला पाणी उतरलं, तरी आणलं नाही कुणाला. सकाळी भराव बघून मगच. एका कडेला हातभर खचलाय, तिथं फांद्या लावून ठेवल्यात आणि जिल्हा परिषदेला फोटो पाठवला.

एक मोटारसायकलवाला मात्र लालच्या वरून निघाला होता. बाहेरगावचा. दोघांनी हँडल धरून मागं ओढला, चार शिव्या खाल्ल्या त्यांनी. खाऊ द्या.

---

दोन_लेकरांची_आई · २१ जुलै, सायंकाळी ५.१०

अकरा पोरी एका घरात! मावसबहिणीला माझा नमस्कार सांगा. पुढच्या वेळी पीठ माझ्याकडून.

---

मुखेडकडचा · २१ जुलै, रात्री ८.३०

चाळीस मिनिटं भिंतीवर लिहून ठेवा. रात्रीच्या फोनसाठी दोन माणसं ठरवा, एकाचा फोन बंद असतोच. आणि खुंटांना रंग कोणता लावला? आमचा दोन पावसांत धुऊन गेला.

---

बाभूळबन · २१ जुलै, रात्री ८.४५

ट्रॅक्टरचा ऑइलपेंट, दोन हात. पहिल्यांदा घराचा रंग लावला होता, तो गेला. आणि लाकूड बाभळीचंच घ्या, लिंबाचं एक मोडलं काल.